राखेतले एकवीस मणी

“झाकण खाली ठेव,” ओतारीमास्तर पाठमोरे बसूनच म्हणाले.

मी राखेच्या डब्याचं झाकण जेमतेम बोटभर उचललं होतं. आवाजसुद्धा झाला नव्हता. पण त्या माणसाला पाठीलाही डोळे होते. मी झाकण ठेवलं आणि उगाचच चिमटा पुसायला लागले.

“सात मणी झाले ना सकाळपासून?”

“सात.”

“मग ते आता तुझे नाहीत, राखेचे आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत तरी. परवापर्यंत राहिले तर आणखी बरं. कितीदा सांगायचं? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.”

“पण दिसतायत तरी कसे, एवढंच बघत होते.”

“मण्यासारखे दिसतायत,” ते म्हणाले आणि पुन्हा त्यांच्या कामाला लागले.

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. वैशाख होता. कऱ्हाडात मास्तरांच्या घरामागे पत्र्याची शेड होती, तिच्यात भर उन्हात बर्नरसमोर बसायचं म्हणजे भाकरीसारखं दोन्ही बाजूंनी भाजून निघायचं. मास्तरांनी तीस वर्षं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या वाकवल्या, फुटक्या जोडल्या. निवृत्त झाल्यावर त्याच बर्नरवर ते मणी करायला लागले. कानातले, गळ्यातले सर, लटकनं. मी दीड वर्ष त्यांच्याकडे शिकत होते. सव्वीस वर्षांची होते, लग्न मोडून घरी आलेली होते, आणि कशातच जीव रमत नव्हता. मी जन्मालाही सातव्या महिन्यातच आले. आई म्हणायची, कुंदीला तिथंही दम निघाला नाही.

आम्ही कासार. बाजारपेठेत पुढे दुकान आणि मागे घर. बांगड्यांत लोळतच वाढले. पण तीच बांगडी ज्योतीत धरली की गुळाच्या पाकासारखी होते, हे मास्तरांच्या शेडमध्ये पहिल्यांदा पाहिलं आणि मला वेड लागलं. तारेला चिकणमातीचा लेप देऊन तो वाळवायचा. काचेचा तुकडा आधी ज्योतीच्या वर नुसता शेकायचा, नाहीतर तो फटकन उडतो. मग हळूहळू आत न्यायचा. मऊ झाला की तारेभोवती गुंडाळायचा आणि तार फिरवत राहायची. फिरवायची थांबलीस की मणी एका अंगाला लोंबला म्हणून समज, असं मास्तर म्हणायचे. फिरवणं मला जमायचं. हात थांबवायचाच नाही, हे काम माझ्यासारखीसाठीच होतं. नंतर तो एकदम गार होऊन तडकू नये म्हणून कोमट राखेत पुरून स्वस्थ बसायचं, ते मात्र कधी जमलं नाही.

“ही काच कुठनं आणलीस?” मास्तरांनी विचारलं. त्यांनी एक तुकडा उचलून एकावर एक घातलेल्या दोन चष्म्यांतून उजेडात धरला होता.

“दुकानातली. फुटका माल.”

“चांगली आहे. जुन्या भट्टीची दिसते. असली आता येत नाही.” त्यांनी तुकडा जपून परत ठेवला. “आहे तेवढ्यातच भागव. दुसरी घालू नकोस हिच्यात. दोन भट्ट्यांची काच एका मण्यात नांदत नाही. निवताना एक जास्त आकसते, दुसरी कमी. मग भांडण.”

“माहितीय मला.”

“तुला सगळंच माहीत असतं,” ते म्हणाले आणि जेवायला घरात गेले.

फुटका माल म्हणाले ते खोटं नव्हतं. पण दुकानातला नव्हता. ती माझ्या आईच्या हातातल्या बांगड्यांची काच होती.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, आदल्या भाद्रपदात गेले. बसल्या जागी, गिऱ्हाइकाचा हात हातात असतानाच. आयुष्यभर गावाच्या बायकांना बांगड्या भरल्या, पण आईला मात्र वर्षातून एकदाच, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, दुकान बंद करून, निवांत भरायचे. बारा हिरव्या बांगड्या. पुढच्या पंचमीपर्यंत त्यातली एकही वाढवली तर आईला बोलणी बसायची. ते गेले तेव्हा त्या बांगड्या पुऱ्या महिन्याच्याही नव्हत्या. दादांना घेऊन माणसं गेली आणि मागच्या अंगणात, कपडे धुवायच्या दगडाजवळ, गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं रीतीप्रमाणं आईचे हात मोकळे केले. मग बायका तिला आत घेऊन गेल्या. इस्लामपूरची आत्या केरसुणी आणायला वळली, आणि तेवढ्यात मी खाली वाकून हाताला लागले तेवढे तुकडे उचलले. दादांच्याच रुमालात बांधले आणि माझ्या ट्रंकेत तळाशी ठेवले. का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. दादांच्या हातचं शेवटचं काम नदीत जाऊ नये, एवढंच त्या क्षणी वाटलं. कुणाला सांगितलं नाही.

आता रविवारी माझ्या धाकट्या बहिणीचं, मंजिरीचं लग्न होतं. घरात माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं, म्हणून घाई. मला तिच्या गळ्यात एकवीस मण्यांचा सर घालायचा होता. दादा तिच्या लग्नात असायला हवे होते, दुसरा काही मार्ग मला दिसत नव्हता. लग्न झाल्यावर मग तिला सांगणार होते. फोडलेल्या चुड्याची काच नवरीच्या गळ्यात घालते, हे कुणाला कळतं तर मला कऱ्हाडातून हाकलून दिलं असतं, हेही ठाऊक होतं. त्याहून मोठी भीती दुसरीच होती. काच होती ती एवढीच. बिघडली तर साऱ्या जगाच्या बाजारात ती पुन्हा मिळणार नव्हती.

आणि सात मणी झाल्यावर रुमालात उरले होते फक्त तीन-चार मण्यांपुरते तुकडे.

मास्तर जेवून आरामखुर्चीत पडले की संध्याकाळच्या चहापर्यंत घोरायचे. मी पिशवीतून दुकानातल्या हिरव्या बांगड्या काढल्या. त्या मी सकाळीच आणल्या होत्या, म्हणजे मनात पाप आधीपासूनच होतं. दोन्ही काचा शेजारी शेजारी धरल्या. तसूभर फरक नव्हता. दादा म्हणायचे, दोन पेट्यांतल्या बांगड्या एका नवरीच्या हातात घालू नये, रंग लबाडी करतो. पण मी कासाराची पोर, रंग मला कळत नसेल तर कुणाला कळेल? हिरवं ते हिरवं. आत दुकानातल्या काचेचा गाभा केला आणि वरून आईच्या काचेचा पातळ पापुद्रा चढवला. असे चौदा. मास्तर उठायच्या आत सगळे राखेत होते.

घरी गेले तर आई मागचं अंगण झाडत होती.

दादा गेल्यापासून तिनं हे एक खूळ घेतलं होतं. सकाळी उठल्याबरोबर आणि पुन्हा दिवेलागणीच्या आधी. नुसतं झाडायची नाही, उकिडवी बसून धुण्याच्या दगडाच्या कडेनं बोटं फिरवायची, फरशीच्या सांदीतली माती काडीनं उकरायची. शेजारणी कौतुक करायच्या, काय बाई लखलखीत अंगण. मला ते बघवायचं नाही. दुःखानं बाई अशी झाली, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं आणि तिकडे बघायचंच सोडलं होतं.

मंजिरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर रडत बसली होती.

“काय झालं आता?”

“आईला विचार. परवा चुडा भरायचा आणि आत्याला अजून बोलावणं नाही.”

आमच्या घरची रीत होती, कासाराच्या मुलीचा चुडा स्वतःच्या दुकानातून घालत नाहीत. तो आत्याच्या घरून येतो आणि आत्याच भरते. इस्लामपूरला आत्याचं स्वतःचं दुकान होतं. पण दादा गेल्या दिवसापासून आई आत्याशी एक अक्षर बोलली नव्हती. तेराव्याला आत्या आली तेव्हाही आईनं तिच्याकडे पाठ केली होती. का, ते कुणाला कळलं नव्हतं. त्या म्हाताऱ्या बाईला आत्यानं बोलावून आणलं होतं, त्याचा राग असेल, असा माझा अंदाज.

“आई, आत्याला निरोप धाडूया का?” मी अंगणात जाऊन म्हटलं.

“नको.”

“मग चुडा कोण भरणार?”

“कुणीही भरू दे. गावात कासारांचा दुष्काळ नाही. वन्संचा हात माझ्या पोरीला लागायचा नाही.”

“अगं पण केलंय काय त्यांनी?”

आईनं केरसुणी आपटली, तिची काडी अन् काडी सारखी केली आणि पुन्हा झाडायला लागली. “आत जा. दिवा लाव.”

त्या रात्री मला झोप नव्हती. कूस बदलली की राखेचा डबा डोळ्यांसमोर. सकाळी सातलाच मी मास्तरांच्या दारात. मास्तर अंघोळीला गेले होते. संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं. मी शेडमध्ये दोन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या फेरीला डबा उघडला. राख अजून ऊबदार होती. एकेक तार काढली, मणी फिरवून सोडवले, ओढणीच्या टोकाला पुसले. एकवीसच्या एकवीस धड! उन्हात धरले तर आतून हिरवा उजेड. मला इतका आनंद झाला की मास्तरांना सांगायलाही थांबले नाही, ओढणीत बांधले आणि पळाले.

घरी मधल्या खोलीत बसले. पितळी ताटलीत मणी ओतले आणि रेशमाचा दोरा ओवायला घेतला. मंजिरी मैत्रिणीकडे मेंदीचं ठरवायला गेली होती. बाहेर अंगणात केरसुणी चालू होती. खर्र, खर्र.

टिक्.

मी हात थांबवला. ताटलीत काही हललं नव्हतं. मी दोऱ्याला पीळ दिला.

टिक्.

या वेळी दिसलं. एका मण्यावरून केसासारखी रेघ गेली, आणि बघता बघता वरचा हिरवा पापुद्रा उचलून खाली पडला. आतून दुकानातला गाभा दिसला. मी तो मणी मुठीत धरला, जणू माझ्या उबेनं तो थांबणार होता. तेवढ्यात तिसरा.

अंगणातली केरसुणी थांबली. कासाराच्या बाईला हजार आवाजांतून काच तडकल्याचा आवाज कळतो.

“काय तडकतंय गं?” आई दारात आली.

मी ताटली पदराआड घ्यायला गेले, तर मी पंजाबी ड्रेसात, पदर कुठला! आई खाली बसली. तिनं एक धड मणी उचलला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिनं तो उजेडातसुद्धा धरला नाही. नुसता अंगठ्यानं चोळला.

“ही काच कुठनं आणलीस?”

दोन दिवसांत हाच प्रश्न दुसऱ्यांदा. मास्तरांना दिलेलं उत्तर ओठांवर आलं होतं, पण तिच्या तोंडाकडे पाहून ते बाहेर पडेना.

“तुझी आहे,” मी म्हटलं. “त्या दिवशी मी उचलली होती. आत्या केरसुणी आणायला गेली तेव्हा.”

“तू?”

“हो.”

“आणि ठेवली होतीस कुठं?”

“माझ्या ट्रंकेत. दादांच्या रुमालात.”

आईनं आपले दोन्ही हात माझ्यासमोर धरले. नखांत माती होती. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मला जमीन दुभंगावी असं झालं.

“आठ महिने,” ती म्हणाली, “आठ महिने मी त्या दगडाखालची माती चाळतीय, कुंदे. एक तरी तुकडा राहिला असेल म्हणून. नखाएवढा. दोनदा तुमच्यासमोर झाडायचं आणि एकदा तुम्ही नसताना. आणि ते माझ्याच घरात होतं, मी झोपते त्या खोलीत! काखेत कळसा नि गावाला वळसा.”

“मला वाटलं, तुला बघवणार नाही ते. म्हणून लपवून ठेवलं.”

“विचारायचं तरी होतंस.”

“तू तरी कुठं विचारलंस कुणाला?”

“काय विचारणार होते? नवरा गेलेल्या बाईनं फुटक्या बांगड्या कुठं गेल्या म्हणून दारोदार विचारायचं? लोक म्हणाले असते, हिला बांगड्यांचीच पडलीय. वन्संनी केर भरला. संध्याकाळी म्हणाल्या, सगळं नदीला सोडून आले, वैनी, तुम्ही काळजी करू नका. मी त्यांना का सोडलंत म्हणूनसुद्धा विचारलं नाही. पाठ फिरवली ती फिरवली. ती माऊली बिचारी भावाच्या मागं आठ महिने माझ्या दाराकडे बघतीय, आणि तिचा दोष काय तर केर काढला!”

टिक्, असा आवाज झाला. आम्ही दोघींनीही खाली पाहिलं.

“हे का फुटतायत?” आईनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. मंजिरीचा सर, एकवीस मणी, कमी पडलेले तुकडे, दुकानातली काच. आई ऐकत होती. मंजिरीचं नाव आलं तेव्हा तिनं मान वर केली.

“मंजीच्या गळ्यात घालणार होतीस?”

“दादा असावेत म्हणून लग्नात.”

“तिला तिचं नवं मिळू दे. हे माझं आहे.” ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. “त्यांनी माझ्या हातात घातलं होतं, तुमच्या नाही. मला न विचारता वाटून टाकायला निघालीस तू.”

तिनं मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मी रडायला लागले. मला वाटत होतं, घरात एकटी मीच आहे जिनं दादांचं काही राखलं. आणि मी राखलं नव्हतं, चोरलं होतं. चोरलं आणि वितळवलं.

“रडू नकोस. बस इथं,” आई म्हणाली. “आता बघू, कोणते राहतायत.”

आम्ही ताटली मध्ये ठेवून समोरासमोर बसलो. मी उठून काही करायला बघितलं, पाणी, पंखा, काहीतरी. आईनं माझं मनगट धरून ठेवलं. मणी एकदम फुटत नव्हते. एक फुटायचा, मग बराच वेळ काही नाही, आता संपलं वाटेपर्यंत पुढचा. आई मोजत होती. आठ. नऊ. मी आयुष्यात इतका वेळ एका जागी हात न हलवता बसले नव्हते. आई मध्येच एकदा म्हणाली, “शेवटची बांगडी चढवताना ते म्हणाले होते, तुझी हाडं आता जाड झाली, पुढच्या वर्षी एक माप वाढवायला लागणार.” आणि ती हसली. दादा गेल्यापासून ती पहिल्यांदा त्यांच्याबद्दल काही बोलत होती.

सकाळी अकराच्या सुमारास दारात सायकल आपटल्याचा आवाज आला. ओतारीमास्तर. रिकामा डबा पाहून ते तसेच निघाले होते, घामाघूम.

“कुठाय ती महामाया?” म्हणत ते आत आले आणि ताटली बघून थबकले. मग चष्म्यावर चष्मा चढवून खाली बसले. फुटलेले एका बाजूला केले, धड दुसऱ्या बाजूला. फुटलेले चौदा. धड सात.

“हे सात नुसत्या एका काचेचे,” ते म्हणाले. “थंडी सोसली त्यांनी. नशीब तुझं. या चौदांत तू दुसरी काच घातलीस. यांना मी स्वतः आठवडाभर राखेत ठेवलं असतं तरी ते असेच फुटले असते.” त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “दुकानातला फुटका माल म्हणालीस ना मला?”

आईनं फुटलेले पापुद्रे एकेक करून तळहातावर गोळा करायला घेतले होते.

“फुटका मालच होता, मास्तर,” ती म्हणाली. “फक्त माझा होता.”

मास्तर आईच्या मोकळ्या मनगटांकडे बघत राहिले. त्यांचा सगळा राग उतरला. जाताना दारात म्हणाले, “वहिनी, ते पापुद्रे टाकू नका. गाभ्यापासून सुटलेत, एकाच काचेचे आहेत. नुसते तेवढेच वितळवले तर दोनएक मणी निघतील. ही पोरगी नाही करणार. मी करीन.” आणि मला म्हणाले, “तू महिनाभर फक्त राख चाळायचीस.”

मास्तर गेल्यावर आईनं मला लगेच इस्लामपूरला पिटाळलं. पुढच्या मिळेल त्या एस.टी.नं. निरोप एवढाच: चुडा घेऊन या. मी दुपारभर हिंदकळत गेले, आत्याला निरोप दिला. बाकी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्यामुळं तिच्या वाट्याला आलेला अबोला तिला कसा सांगणार होते?

शुक्रवारी सकाळी आत्या आली. लाल फडक्यात बांधलेली चुड्याची पेटी दोन्ही हातांत, आणि उंबऱ्याबाहेरच उभी.

“वैनी, आत येऊ, की पेटी देऊन इथनंच जाऊ?”

घरात पाहुण्या बायका होत्या. आई आतून आली. तिनं आधी पेटी घेतली नाही, आत्याचे हात धरले.

“वन्सं, माझ्या मनात पाप होतं,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “मी तुमच्यावर नको तो आळ घेतला होता.”

“कसला आळ?”

“मनातल्या मनात घेतला होता, तो मनातच फिटू दे. आधी पोरीचे हात भरा.”

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की मंजिरी घाबरली, तिला वाटलं आणखी काही झालं. माझं नाव आईनं घेतलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. मंजिरीच्या हातात चुडा चढताना आई थोडी मागे, भिंतीला टेकून बसली होती. तिच्या कमरेची चंची फुगलेली दिसत होती. चंचीत काय आहे, ते आम्हा दोघींनाच माहीत होतं.

आत्याला मी स्वतः सांगितलं ते बारा वर्षांनी. ती म्हणाली, “एवढंच ना? मला वाटलं होतं, त्या दिवशी मी घाईनं केर काढला, ते तिला लागलं.” म्हणजे तीही आठ महिने तेच उगाळत होती. आम्ही तिघीही.

मी आता मण्यांचंच काम करते. माझ्याकडे दहा मुली शिकतात. राखेऐवजी विजेची भट्टी आहे, तिचं दार वेळेआधी उघडत नाही, आणि मी उघडायलाही जात नाही. मुली म्हणतात, मॅडमना कसली घाईच नाही.

पण मला लग्नाच्या आदल्या दिवसाची, शनिवारची सकाळ सांगायची होती. मी जागी झाले ती काहीतरी चुकल्यासारखं वाटून. केरसुणीचा आवाज नव्हता. घाबरून मागच्या दाराशी गेले. आई धुण्याच्या दगडावर बसून चहा पीत होती. अंगणभर शेजारच्या लिंबाचा पाला पडला होता, कालच्या अक्षता पडल्या होत्या, मांडववाल्यांच्या सुतळ्या पडल्या होत्या. लग्नघर, पाहुणे यायचे, मी केरसुणी उचलली.

“राहू दे गं,” आई म्हणाली. “बस, चहा घे.”

मी केरसुणी भिंतीला टेकवली आणि तिच्या शेजारी बसले. पाला दुपारपर्यंत तसाच पडून होता.